काकींच्या कागदावर माझं नाव

काकींनी आम्हा भाडेकरूंना कधी नावानं हाक मारली नाही. तळमजल्यावरचा टायरच्या दुकानाचा मालक म्हणजे ‘टायर’ आणि त्याची बायको ‘टायरीन’. मी लॅबमध्ये लोकांचं रक्त काढायचे, म्हणून मी ‘रगतवाली’. माझ्याबरोबर राहणारी सुवर्णा बालवाडीत शिकवायची, ती ‘शालावाली’. घरी पाहुणे आलेले असोत की रस्त्यात चार माणसं उभी असोत, काकी जिन्याखालून वर तोंड करून ओरडायच्या, “ए रगतवाली, टाकी भरली गो, नल बंद कर!” माझ्या आईनं पहिल्यांदा हे ऐकलं तेव्हा तिच्या हातातला चहा बशीत सांडला होता.

पनवेलच्या जुन्या गावठाणात, पळस्प्याकडे जाणाऱ्या रस्त्याच्या आत, काकींची तीन मजली इमारत होती. नवऱ्याची शेती सरकारी प्रकल्पात गेली तेव्हा जे हातात आलं त्यातून ती उभी राहिलेली. नवरा जाऊन बरीच वर्षं झाली होती, मूलबाळ नव्हतं. गाडी उभी करायच्या जागेत, जिन्याच्या अगदी तोंडाशी, एक लाल प्लास्टिकची खुर्ची टाकून त्या दिवसभर बसायच्या. तिथे कुणी स्कूटर लावलेली त्यांना चालत नसे. “माजा हॉल हाय तो,” म्हणायच्या. नेसायच्या घट्ट काष्ट्याचं लुगडं, आणि पायात पांढरे स्पोर्ट्स शूज. डॉक्टरांनी चालायला सांगितलं होतं, म्हणून संध्याकाळी गच्चीवर वाळत घातलेल्या सुकटीभोवती त्या भराभर फेऱ्या मारायच्या. वाटेत आडवा आलेला कावळा त्यांच्या शिव्या खाऊन उडायचा. गच्चीवरून लांबवर कर्नाळ्याचा सुळका दिसे. मी एकदा म्हटलं, “काकी, किती छान दिसतो नाही?” त्या न थांबता म्हणाल्या, “छान कसला, अंगठा दाकवतंय आमाला.”

तोंडावर कुणाला नावानं न बोलावणाऱ्या या बाईला कागदावरच्या नावाचं मात्र भलतंच वेड होतं. आम्ही घर घेतलं तेव्हाची गोष्ट. एजंट लॅपटॉप आणि अंगठ्याचं मशीन घेऊन आला. भराभर फोटो काढले, ठसे घेतले की निघायचं, असा त्याचा रोजचा खाक्या. काकींनी त्याचा लॅपटॉप हातानं मिटला.

“आदी वाचाचा.”

“काकी, सगळीकडे हाच मसुदा असतो. काही वेगळं नाही त्यात.”

“मंग वाचाला काय जातंय? रगतवाली, तू वाच. मोट्यानं.”

जिन्याच्या तिसऱ्या पायरीवर बसून मी लिव्ह अँड लायसन्सचा करार वाचायला लागले. टायरीन दारात येऊन उभी राहिली. समोरची दूधवाली थांबली. काकी डोळे मिटून ऐकत होत्या आणि मधूनच हात वर करायच्या. “थांब. ‘संयुक्तपणे आनि सोतंत्रपणे’ मंजे काय?”

एजंट म्हणाला, “म्हणजे दोघींची जबाबदारी एकत्र, आणि एकेकीची पूर्ण. हिनं काही केलं तर तिला विचारता येतं, तिनं केलं तर हिला.”

काकींनी डोळे उघडले आणि आम्हा दोघींकडे आळीपाळीनं पाहिलं. “मंजे कागदात तुमी एकच बाई.”

सगळे हसले. सुवर्णा हसली नाही. तिनं एजंटला हळूच विचारलं, “पोलिसांकडे भाडेकरूंची माहिती देतात ना, ती कुणी मागितली तर देतात का?” एजंट नाही म्हणाला. अंगठ्याचं मशीन पुढे आलं तेव्हा मात्र काकींनी सुवर्णाचा हात आपल्या हातात धरून नीट मशीनवर ठेवला. माझा नाही धरला.

सुवर्णा शांत मुलगी होती. तिचं लग्न झालेलं होतं आणि ती नाशिककडचं सासर सोडून आली होती, एवढं तिनं मला सांगितलं होतं. ‘मला परत जायचं नाही’ यापुढे ती बोलत नसे आणि मीही खोदून विचारलं नाही. आमचं छान जमायचं. मी कराडची, तिखट खाणारी. ती भाजीत गूळ घालायची. शेवटी एकीनं भाजी करायची आणि दुसरीनं आमटी, असा आमचा तह झाला.

माझं लग्न झालं आणि मी पेणला, सासरी गेले. तिथल्याच एका लॅबमध्ये नोकरीही मिळाली. जाण्यापूर्वी मी सगळं रीतसर केलं होतं. काकींना महिनाभर आधी सांगितलं, सुवर्णाला विचारलं, तर ती म्हणाली की मी एकटी राहीन, मला जमेल. माझी किल्ली मी काकींच्या हातात दिली. काकींनी ती परत माझ्या हातात ठेवली. “ऱ्हाऊ दे तुज्याजवल. नाव हाय तवर तुजीच हाय.” मला वाटलं, माया आहे.

ती नुसती माया नव्हती हे आठवड्याभरात कळलं. सकाळी मी लॅबमध्ये कुणाच्या तरी दंडाला पट्टी बांधत होते, फोन वाजला. काकी फोनवर ‘हॅलो’ म्हणत नसत आणि ठेवताना सांगत नसत.

“जिना झाडाची पाली तुमची हाय. कोन येतंय?”

“काकी, मी पेणला असते आता.”

“मना म्हाईत हाय तू कुटं हायस. शालावालीला ताप आलाय. मंग पाली तुजी.” आणि फोन बंद.

मी टायरीनला फोन करून, विनंत्या करून जिना झाडून घेतला. पुढे हे चालूच राहिलं. सुवर्णाचं कपाट सरकवताना खिडकीची काच फुटली, काकींनी ओरडायला फोन मला केला. गच्चीवर उशा वाळत घातल्या आणि विसरल्या, मला फोन. मी म्हटलं, “काकी, सुवर्णा तुमच्या डोक्यावरच राहते, तिला सांगा ना.” त्या म्हणाल्या, “तिला सांगलाच. आता तुना सांगतंय. दोगींना सांगाचा असतंय.”

मी हे घरी हसत हसत सांगायचे. माझा नवरा मिलिंद मात्र हसायचा नाही. तो बँकेत कर्जाचे कागद तपासतो, त्यामुळे त्याला सगळ्या गोष्टींची मागची बाजू आधी दिसते. “तू घर सोडलंस, करार सोडलेला नाहीस,” तो म्हणाला. “उद्या सुवर्णानं तिथे तिसरंच कुणी आणून ठेवलं, काही मोडतोड झाली, पोलीस चौकशी आली, तर तुझंही नाव निघणार. तू तिथे राहत नव्हतीस हे कुणी ऐकणार नाही. नाव काढून घे.”

मी एजंटला फोन केला. तो म्हणाला, “मॅडम, नुसतं निघून गेलं म्हणून करार सुटत नाही. काकी, सुवर्णा मॅडम आणि तुम्ही, तिघींनी अंगठे द्यायचे. मग हा करार रद्द करून एकटीच्या नावानं नवा. दहा मिनिटांचं काम आहे.”

दहा मिनिटांचं ते काम काकींनी पावसाळाभर होऊ दिलं नाही. एकदा आम्ही गेलो तर म्हणाल्या, आज अमावास्या. पुढच्या खेपेला उरणकडे कुणाचं तरी बारसं निघालं. तिसऱ्या खेपेला एजंट मशीन घेऊन हजर, सुवर्णा शाळेतून लवकर आलेली, मी आणि मिलिंद पेणहून आलेले, आणि काकी खुर्चीवर बसलेल्या, उजव्या अंगठ्याला हे एवढं मोठं बँडेज. डावा पुढे करा म्हटलं तर म्हणाल्या, “डाव्यान मी कंदी काय देत नाय.” आम्ही चहा पिऊन परत निघालो. वळणावरून मी मागे पाहिलं तर काकींनी बँडेज काढून ठेवलं होतं आणि टायरीनबरोबर कोलंबी सोलत बसल्या होत्या.

मिलिंद भडकला. मला राग कमी आणि काळजी जास्त वाटत होती. रात्री अंथरुणावर पडलं की ते घर डोळ्यांसमोर यायचं. गॅस नीट बंद केला असेल का, कुणी आलं असेल का. आपण जिथे राहत नाही त्या घराचं ओझं विचित्र असतं. तिथे काय चाललंय ते दिसत नाही, आणि आपलं नाव मात्र त्याच्या कागदावर आहे.

दिवाळीनंतरची दुपार होती. फोन वाजला.

“घरी ये.”

“काकी, मी कामावर आहे. संध्याकाळी—”

“तुज्या घरान दोन मानसा जाव बोलतान. शालावालीचा नवरा हाय आनि त्याचा भाव. ती आतून कडी लावून बसलीय, उगडत नाय. मी त्यांना बसवलाय. पोलिसांना फोन केलाय. तू ये.”

“काकी, पण मी येऊन काय—”

“तुजा नाव हाय. ये.”

फोन बंद झाला आणि लगेच सुवर्णाचा मेसेज आला. फक्त एक शब्द होता. ‘आला.’

मी मिलिंदला फोन केला. तो बँकेतून तसाच निघाला, मला लॅबसमोरून मोटरसायकलवर घेतलं. नेहमी ‘तुला काय करायचंय’ म्हणणारा मिलिंद त्या दिवशी गाडी इतकी जोरात चालवत होता की मीच त्याच्या पाठीवर दोनदा थोपटलं.

पोहोचलो तेव्हा काकी जिन्याच्या तोंडाशी होत्या. पण नेहमीसारख्या खुर्चीवर नव्हत्या. खालच्या पायरीवर पाट टाकून, पुढ्यात विळी घेऊन, त्या बोंबील साफ करत बसल्या होत्या. जिना तेवढाच रुंद. वर जायचं तर विळीवरून आणि बोंबलांच्या परातीवरून उडी मारूनच जावं लागलं असतं. लाल खुर्ची त्यांनी पाहुण्याला दिली होती. सुवर्णाचा नवरा तिथे अवघडून बसला होता, इस्त्रीचा शर्ट, पॉलिश केलेले बूट. भाऊ भिंतीला टेकून उभा. टायर आणि त्याच्या दुकानातली माणसं रस्त्याच्या कडेला हाताची घडी घालून उभी होती.

“मावशी, मी कितीदा सांगू,” नवरा म्हणत होता, “ती माझी बायको आहे. नवरा-बायकोचं आम्ही आपसात बघू. तुम्ही मध्ये पडू नका.”

काकींनी मान वर केली नाही. “बायको तुजी आसंल. घर तुजा नाय. घर दोगींचा हाय. एक आत हाय, ती नको बोल्ली. दुसरी आली बग ही. ती बोल्ली ये, तर मी विली उचलतंय.”

तो उठला आणि माझ्याकडे आला. आवाज एकदम मऊ झाला. “ताई, तुम्ही शिकलेल्या आहात. तुम्ही समजावा यांना. मला फक्त पाच मिनिटं तिच्याशी बोलायचंय. आणि तसंही तुम्ही आता इथे राहत नाही ना? मला सगळं माहीत आहे. तुमचा याच्याशी काय संबंध?”

माझा काय संबंध. गेले कित्येक महिने मी काकींना, एजंटला, सगळ्यांना हेच तर विचारत होते. वरच्या मजल्यावर खिडकीचा पडदा हलला, त्याच्यामागे सुवर्णा असणार. मी काकींकडे पाहिलं. त्या बोंबलाचं डोकं उडवण्यात गुंग होत्या. मला कसलीच खूण करत नव्हत्या.

“करारावर माझं नाव आहे,” मी म्हटलं. आवाज कापरा निघाला, पण निघाला. “ते घर माझंही आहे. मी तुम्हाला माझ्या घरात येऊ देणार नाही.”

“अहो, पण तुम्ही—”

“नाही म्हटलं ना तिनं,” मिलिंद म्हणाला. तेवढंच. पण तो माझ्या शेजारी येऊन उभा राहिला होता.

भाऊ भिंतीपासून सुटला आणि जिन्याकडे एक पाऊल आला. काकींनी बोंबील खाली ठेवला आणि विळी जराशी, अगदी जराशी, त्याच्या बाजूला फिरवली. “चप्पल काड आदी,” त्या म्हणाल्या. “मच्छीवर पाय देशील.” तो जागच्या जागी थांबला. टायरच्या दुकानातल्या कुणीतरी फसकन हसलं.

तेवढ्यात पोलिसांची गाडी आली. एक हवालदार आणि एक महिला शिपाई उतरले. हवालदारांनी पहिला प्रश्न विचारला, “घर कुणाच्या नावावर?”

काकी म्हणाल्या, “मालकीन मी. ऱ्हानाऱ्या दोगी. एक ही, एक वर.”

मी फोनमध्ये करार उघडून दिला. त्यांनी माझं आधार कार्ड पाहिलं. “तुम्ही इथेच राहता?”

“सध्या पेणला असते. करार चालू आहे, जबाबदारी माझी आहे. आणि माझी यांना आत येऊ द्यायला परवानगी नाही.”

हे बोलताना मला स्वतःचंच नवल वाटलं. ज्या वाक्यातून सुटायला मी धडपडत होते, तेच वाक्य मी पोलिसांसमोर ठणकावून सांगत होते.

महिला शिपाई वर गेली. काकींनी तिच्यासाठी परात सरकवली. थोड्या वेळानं दोघी खाली आल्या. सुवर्णाचा चेहरा पांढरा पडला होता, पण ती चौथ्या पायरीवर उभी राहिली आणि नवऱ्याकडे सरळ बघून म्हणाली, “मला यायचं नाही. मी हे दोन वर्षांपूर्वी सांगितलंय. आता लिहून पण देते.” तिनं ते पोलीस ठाण्यात लिहून दिलं. आम्ही सगळे बरोबर गेलो. काकीही आल्या, त्याच लुगड्यात, त्याच पांढऱ्या बुटांत, हाताला बोंबलाचा वास तसाच. पोलिसांनी त्या दोघांना समज दिली, पुन्हा आलात तर गुन्हा दाखल होईल म्हणून सांगितलं, आणि ते गेले. मग सुवर्णा वकिलाकडे गेली, तिची कोर्टातली केस उभी राहिली. तो परत कधी आला नाही.

त्या संध्याकाळी काकींच्या स्वयंपाकघरात आम्ही बोंबील खाल्ले. कुरकुरीत, रवा लावलेले. सुवर्णा खात नसे, तिला काकींनी भाकरीबरोबर गूळ दिला. बोंबलाच्या वासानं मिलिंदनं नाक मुरडलं तशी सुवर्णा खळखळून हसायला लागली. हसता हसता रडली आणि परत हसली. मी तिला इतक्या मोठ्यानं हसताना त्या दिवशी पहिल्यांदा ऐकलं.

मी काकींना विचारलं, “म्हणून माझं नाव काढत नव्हता होय? तुम्हाला माहीत होतं तो येणार?”

“मना काय म्हाईत?” तव्यावरचा बोंबील उलटत त्या म्हणाल्या. दुसरा बोंबील तव्यात सोडला. मग पाठमोऱ्याच बोलल्या. “बापाची जमीन गेली ना, मिठागराच्या बाजूची, तवा भावांनी बोलावला मना. अंगठा दे बोल्ले, हक्क सोडलाय म्हनून. तुजा हितं काय हाय आता, तू तर गेलीस बोल्ले. मी दिला. भाव वाईट नवते. जेवाला घातला, साडी नेसवली. पन मंग मालक गेलं, सासरच्यांनी भांडन काडला, मी एकदा माहेरी गेली. वयनी दारान उबी. पानी दिला तिनं. दारानच दिला.” त्यांनी बोंबील ताटात काढला. “बाई घर सोडून गेली तर गेली. कागदावरना कशाला घालवाची? ऱ्हाऊ दे एकांदा ठिकानी.”

काकींनी मिलिंदच्या ताटात आणखी एक बोंबील टाकला आणि तो त्यानं मुकाट्यानं खाल्ला.

कराराची मुदत संपायला थोडे महिने उरले तेव्हा काकींचा फोन आला. “आता शालावालीच्या एकटीच्या नावाचा कराचा. तिला पायजे तसा. ये अंगठा द्यायला.” आम्ही गेलो. एजंट मशीन मांडून बसला होता, या बाईचा काही भरवसा नाही अशा चेहऱ्यानं. काकींचे दोन्ही अंगठे उघडे होते. त्या मशीनपर्यंत गेल्या आणि थांबल्या. वळून मिलिंदकडे पाहिलं.

“हिचा हितला नाव काडतंय मी. तिकडं चडवलास?”

मिलिंदला आधी कळलंच नाही. “कुठे?”

“तुमच्या घरान. पेनला. कोनाचा नाव हाय?”

“बाबांचं आहे. आणि नंतर माझं.” तो कानापर्यंत लाल झाला. दिवसभर लोकांच्या घरांचे कागद तपासणारा माणूस! “म्हणजे, आम्ही नवीन फ्लॅट बुक करतोय. त्यात... त्यात दोघांचं टाकणारच आहे.”

“टाक. मंग ये.” काकी खुर्चीवर जाऊन बसल्या.

एजंटनं कपाळाला हात लावला. सुवर्णा तोंडावर पदर धरून हसत होती. काम पुन्हा लांबलं, पण या खेपेला मी चिडले नाही, आणि खरं सांगायचं तर मिलिंदही नाही. परतीच्या वाटेवर तो इतकंच म्हणाला, “हे मला सुचायला हवं होतं.” फ्लॅटचा करार झाला त्याच संध्याकाळी एजंटला बोलावून आम्ही पनवेलला गेलो. काकींनी मिलिंदचा फोन सुवर्णाच्या हातात दिला. “वाच. मोट्यानं.” सुवर्णानं जिन्यात उभी राहून वाचलं. खरेदीदार क्रमांक एक म्हणून माझं नाव, वडिलांच्या नावासकट, आडनावासकट. क्रमांक दोन मिलिंद. काकींनी ते परत एकदा वाचायला लावलं. मग उठल्या, पदरानं अंगठा पुसला आणि मशीनवर ठेवला. त्यांच्यामागून सुवर्णानं ठेवला, मग मी. नव्या करारावर सुवर्णाचं एकटीचं नाव आलं. साक्षीदार म्हणून मी सही केली.

“झालं मॅडम,” एजंट म्हणाला. “आता या घराशी तुमचा काही संबंध नाही.”

मी काकींच्या पाया पडायला वाकले. त्यांनी मला अर्ध्यातच उभं केलं आणि आयुष्यात पहिल्यांदा माझ्या नावानं हाक मारली. पूर्ण नावानं, कागदावर होतं तसं. “जा आता,” म्हणाल्या. “सुकानं जा.”

पळस्पे मागे पडलं, कर्नाळ्याच्या झाडीतला गार वारा लागला आणि मला झोप यायला लागली. किती दिवसांची साठलेली झोप कुणास ठाऊक. मी मिलिंदच्या पाठीवर डोकं टेकलं. “अगं, झोपू नकोस, पडशील,” तो ओरडला. मी हो म्हटलं, त्याला दोन्ही हातांनी घट्ट धरलं आणि डोळे मिटले.